खंडेनवमीची हार्ड डिस्क

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. घराणं फौजी, कधीकाळी दक्षिणेतून घोड्यावरून आलेलं, त्यामुळे पाटाच्या मध्यभागी आजोबांची तलवार असायची. तिच्या एका बाजूला आबांची सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि तीन पकडी. दुसऱ्या बाजूला आईची शिवणाची कात्री. आई गेल्यालाही सहा वर्षं झाली होती, पण कात्रीची जागा कुणी हलवली नव्हती. आणि अगदी कडेला माझं फाउंटन पेन. आबा म्हणजे माझे वडील. फौजेच्या वर्कशॉपात त्यांनी बावीस वर्षं रेडिओ सेट दुरुस्त केले आणि नायब सुभेदार होऊन घरी आले. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो.

मी एका सरकारी कार्यालयात कारकून होते. वय चौतीस, लग्न नाही, स्वभाव तापट. हे तिसरं कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्याबद्दल फारसं कुणी विचारत नसे.

त्या वर्षी दिवाळी उलटली की आमच्या राज्याचे दोन भाग होणार होते. एक भोपाळकडे राहणार, दुसरा रायपूरचा होणार. माणसांची वाटणी कशी करायची म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता: तुम्हाला कुठे जायचंय? ती सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला टायपिंग येत होतं आणि माझ्या घरी मशीन होतं. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, तोही साहेबांच्या एसीच्या खोलीत. तिथे चपला बाहेर काढून जावं लागे आणि किल्ली साहेबांच्या खिशात. मग त्यांच्याच परवानगीने मी फॉर्मांचे गठ्ठे रिक्षात घालून घरी आणले आणि दीड महिना रोज संध्याकाळी नावं चढवत बसले. नाव, हुद्दा, ज्येष्ठता, मूळ गाव, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर. भोपाळकडे राहणाऱ्यांपुढे म, छत्तीसगडात जाणाऱ्यांपुढे छ.

ते काम मला आवडायचं. बाहेर भाद्रपदाचं ऊन उतरत असायचं, गच्चीवरून किल्ल्याची लांबलचक भिंत दिसायची आणि टेबलाखालच्या डब्यातून डिस्कची बारीक कुरकुर ऐकू यायची. आतमध्ये कुणी तांदूळ निवडत बसलंय असं वाटे. ती कुरकुर ऐकत ऐकत मी कितीदा तरी खुर्चीतच डुलकी काढली आहे.

ऑफिसातला एक शिपाई रायपूरजवळच्या खेड्यातला होता. एकोणीस वर्षं ग्वाल्हेरात काढलेली, बायको-मुलं गावी. तो रोज सकाळी पाण्याचा ग्लास ठेवताना हळूच विचारायचा, ‘‘बिटिया, हमारा नाम चढ़ गया?’’ मी रोज हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायचा. त्याचा कागदावर विश्वास नव्हता, आणि सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो का असावा?

माझा स्वतःचा फॉर्म मी गणपतीत भरला. आणि छ लिहिलं.

का, ते सांगायला सोपं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने मी चार दिवस रायपूरला गेले होते. पहाटे जाग आली म्हणून बाहेर पडले तर एका तळ्याशी पोचले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि त्या न दिसणाऱ्या काठावर कुणी तरी कपडे धूत होतं. आवाज तेवढा येत होता. मी पायरीवर बसून राहिले. कुणी मला ओळखलं नाही, ‘सुभेदारसाहेबांची मुलगी न?’ असं विचारलं नाही, आईचा विषय काढून उसासा टाकला नाही. त्या तळ्याची मला पुढे वारंवार स्वप्नं पडली. स्वप्नात धुकं विरायचं आणि पलीकडच्या काठावर माझं घर असायचं. एवढ्यावर माणूस गाव सोडतो का? मी सोडायला निघाले होते खरी.

आबांना मी हे सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. फॉर्मची गुलाबी कार्बन कॉपी मी आईच्या पाककृतींच्या वहीत दडवली, कारण ती वही माझ्याखेरीज कुणी उघडत नसे. आबांना स्वयंपाकातलं चहा आणि खिचडी इतकंच येई. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला. त्या वर्षी नेमकी मी ऑफिसात अडकले आणि घरी पोचेपर्यंत आबांनी वडे तळून ठेवले होते. अगदी आई करायची तसे झाले होते. मला नवल वाटलं आणि मी ते विसरून गेले.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. आबा सकाळीच न्हाऊन, धोतर नेसून पाट मांडत होते. माझं पेन उचलून त्यांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले की हे तर तू आता हातातही घेत नाहीस, मग ह्याला कशाला पुजायचं? तू ज्याने लढतेस ते आण. मी थट्टेत कीबोर्ड उचलून दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. ही तर मूठ झाली, म्हणाले, पातं कुठंय? आणि मी, माझीच जीभ ती, सांगून मोकळी झाले की पातं डब्यात असतं, त्याला हार्ड डिस्क म्हणतात, सगळं त्याच्यात आहे.

मग काय! म्यानातल्या तलवारीची पूजा आमच्या घरात होत नाही. आबांनी डब्याचे स्क्रू काढले, आत डोकावून डिस्क शोधली आणि सोडवून बाहेर घेतली. तळहातावर मावणारी, चांगली जड, वर चकचकीत पत्रा आणि खाली हिरवा बोर्ड. तिला पाटावर तलवारीच्या शेजारी ठेवलं. मी कौतुकाने बघत होते, हेही कबूल करायला हवं. त्यांनी पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, चार अक्षता टाकल्या. बोर्डाच्या बाजूला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. त्यातलं त्यांना कळत होतं. धूप फिरला. त्या धुरात डिस्क, तलवार आणि आईची कात्री एका घरातल्या वाटत होत्या.

संध्याकाळी त्यांनी ती परत बसवली. डिस्कला करंट देणारा एक पांढरा प्लग असतो, चार तारांचा: पिवळी, दोन काळ्या, लाल. त्याचे दोन कोपरे कापलेले असतात, म्हणजे तो उलटा जाऊच नये. पण आमचं मशीन स्वस्तातलं, प्लगचं प्लॅस्टिक मऊ, खोलीत उजेड कमी, आणि आबांचा हात फौजी. अडलं म्हणून त्यांनी जोर दिला. प्लग उलटा आत गेला. मी स्वयंपाकघरातून येऊन खटका दाबला.

आवाज म्हणावा असा झालाच नाही. एक बारीक चट्, आणि डब्याच्या फटीतून निळसर धुराची एक रेघ वर आली. सकाळचा धूप राहिला असेल असं मला क्षणभर वाटलं. मग वास आला. वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. आबांनी पुढे होऊन भिंतीतला प्लग उपटला आणि तसेच वाकलेले उभे राहिले.

मी जे बोलले ते आज लिहवत नाही, पण लिहिते. ‘‘कशाला हात लावलात? सगळ्यात हात घालायचाच असतो तुम्हाला.’’ पाटावरची झेंडूची फुलं उचलून त्यांनी एकेक करून ताटलीत ठेवली.

आता खरी लाजेची गोष्ट. ओरडत असताना, अगदी त्याच वेळी, माझ्या आत काही तरी सैल झालं होतं. यादी गेली. म्हणजे माझा छ गेला. म्हणजे आबांना सांगायचं राहिलं तरी चालेल. ह्या सुटकेचा मला इतका राग आला की तो सगळा मी त्यांच्यावर काढला.

यादीची दुसरी प्रत म्हणून एकच फ्लॉपी होती, आणि पावसाळ्याने ती खाल्ली होती. घातली की मशीन कण्हायचं आणि वाचता येत नाही म्हणायचं. दुसरी प्रत मी केली नव्हती. आळस, दुसरं काही नाही. मूळ फॉर्म पोत्यात भरून कधीच भोपाळला गेले होते. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले की भोपाळच्या गोदामात ती पोती आता कोण शोधणार, पुढच्या शुक्रवारी माणूस यादी घेऊन जायचा होता. तोपर्यंत डिस्क चालली तर ठीक, नाही तर सगळ्यांकडून नवे फॉर्म भरून घेऊ.

नवे फॉर्म! म्हणजे मलाही पुन्हा विचारणार. या खेपेला म लिहायचं, आणि आबांना कधी काही कळायचंच नाही. मी जागेवर येऊन बसले तेव्हा शिपाई ग्लास घेऊन उभा होता. त्याला बातमी आधीच लागली होती. पहिल्या फॉर्मच्या वेळी बड्या बाबूंना ढवळाढवळ करायला फुरसत नव्हती म्हणून त्याचं नाव सुरळीत गेलं. दुसऱ्यांदा कोण कुणाला पुढे सरकवेल आणि कोण मागे राहील, ह्याचा त्याला चांगला अंदाज होता. त्या दिवशी त्याने नाव चढलं का म्हणून विचारलं नाही. मी ग्लास तसाच बाजूला सारला.

आबांनी मात्र पूजेच्या दुसऱ्याच सकाळी डिस्क रुमालात गुंडाळून इंदरगंजचा रस्ता धरला होता. ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथल्या माणसाने हिरवा बोर्ड भिंगाखाली धरला आणि त्यांना दाखवलं: एका काळ्या चिपच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढं भोक. पाच व्होल्टच्या वाटेने बारा व्होल्ट घुसले होते. ‘‘अंकल, लाल के पास लाल,’’ तो म्हणाला. प्लगची लाल तार नेहमी डिस्कला शेजारीच जोडलेल्या चपट्या केबलच्या लाल काठाशेजारी यायला हवी, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. आबांनी ते वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, दुकानाच्या काउंटरवर वाकून शाळेतल्या मुलासारखं लिहीत होता, हे मला त्या दुकानदारानेच नंतर सांगितलं.

पण त्याने आणखीही एक सांगितलं होतं. आतल्या चकत्यांना बहुधा काही झालेलं नाही. मेला आहे तो बोर्ड. अगदी ह्याच मॉडेलची, ह्याच नंबरची दुसरी डिस्क मिळाली तर तिचा बोर्ड काढून इथे लावून बघता येईल. नंबर एका अक्षराने जरी वेगळा असला तरी उपयोग नाही. आबा घरी येऊन म्हणाले, ‘‘सेट ठीक आहे. फक्त पॉवर उडाली आहे.’’ जणू अर्धं काम झालंच.

मग त्यांचं फिरणं सुरू झालं. सकाळी चहा घेऊन सायकलवर निघायचे. मुरारच्या बाजारात दोन दिवस, जुन्या फौजी ओळखींच्या घरी एक दिवस, मग लष्कर, म्हणजे शहराची जुनी पेठ, तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या दुकानात. वहीत नंबर लिहिलेला, तो दाखवायचा, माणूस मान हलवायचा, पुढचं दुकान. दुपारी परत यायचे तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. मी त्यांच्याशी अजून नीट बोलत नव्हते. ताट वाढायची आणि बाजूला व्हायची. राग केव्हाच संपला होता. खरं तर ते बसून राहावेत, थकावेत, ‘जाऊ दे बेटा’ म्हणावेत, ह्याची मी वाट बघत होते. हा माणूस स्वतःच्या पायांनी सगळं शहर पालथं घालून माझं जाणं दुरुस्त करत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं, ह्या विचाराने मी अर्ध्या ताटावरून उठायची.

त्या दिवसांतलं ऊन आठवतं. दसरा ते दिवाळी ग्वाल्हेरात एक मऊ, पिवळं ऊन पडतं, सगळ्या कडा पुसून टाकणारं. ऑफिसच्या खिडकीतून मी बघत बसायची आणि मला कधी रस्ता दिसायचा, कधी तळं. कधी तळ्याच्या पलीकडच्या काठावर आबा सायकल हातात धरून उभे असायचे. मी हाक मारायची आणि हाकेचा आवाज व्हायचा नाही.

सात-आठ दिवसांनी दुकानदारालाच आठवलं. आमचं मशीन आलं त्याच खेपेतलं एक मशीन लष्करमधल्या एका गुरुजींकडे गेलं होतं. गुरुजी पत्रिका करायचे. हाताने मांडायचं सोडून कॉम्प्युटरवर करायला लागलेले ते लष्करमधले पहिलेच. अर्ध्या लष्करच्या कुंडल्या त्यांच्या डिस्कमध्ये होत्या, माझीही होतीच. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची गर्दी उडायची, म्हणजे हे दिवस त्यांच्या कामाचे. आबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काय झालं ते सगळं सांगितलं, हळदकुंकवासकट. गुरुजी म्हणे मनापासून हसले. मग त्यांनी आत जाऊन डिस्कवरचा नंबर वाचून दाखवला. आबांनी वही उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. जुळत होता.

डिस्क द्यायला ते तयार झाले, पण अटी घातल्या. गुरुवारी राहुकाळ संपल्यावर, म्हणजे तीनच्या पुढे न्यायची. दिवेलागणीच्या आत परत आणायची. आणि त्यांचा बोर्ड जळला तर? हे गुरुजींनी विचारलं, तेव्हा आबांनी सांगितलं की तसं झालं तर घरातली तलवार तुमच्याकडे ठेवून जाईन, दुसरं मोलाचं माझ्याकडे काही नाही. गुरुजी म्हणाले, ‘‘सुभेदारसाहेब, तलवार घेऊन मी काय करू? तुम्ही सांभाळून करा म्हणजे झालं.’’

त्या तलवारीबद्दल एक सांगायला हवं. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. संस्थानं विलीन झाली तेव्हा पलटणीतल्या माणसांनाही असंच विचारलं होतं: नव्या फौजेत जाता, की घरी राहता? आजोबा राहिले. मग म्हातारपणी दारात खाट टाकून बसायचे आणि गेलेल्यांपैकी कुणाचं पत्र आलं का, कोण कुठे पोचला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहायचे. मी लहान होते. मला वाटायचं, राहिलेल्या माणसांचं कामच असतं ते.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. साडेतीनला आबा डिस्क घेऊन आले, सोवळ्याच्या रेशमी तुकड्यात गुंडाळलेली. बोर्ड सहा बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो आणि स्क्रूंना चांदणीच्या आकाराची खाच असते. तसा पेचकस आमच्याकडे नव्हता. आबांनी आदल्या दिवशी एक जुना पेचकस कानशीने घासून घासून त्या खाचेत बसेल असा करून ठेवला होता. खिडकीत जिथे ऊन येत होतं तिथे त्यांनी पांढरं फडकं पसरलं. एका बाजूला आमची डिस्क, पत्र्यावर अजून कुंकवाचा डाग. दुसऱ्या बाजूला गुरुजींची. सहा स्क्रू इकडचे, सहा तिकडचे, वेगवेगळ्या वाट्यांत. बोर्ड उचलताना ते श्वास रोखत होते. त्यांचे हात एरवी कापायचे, चहा बशीत सांडायचा. त्या अर्ध्या तासात ते एकदाही कापले नाहीत.

गुरुजींचा बोर्ड आमच्या डिस्कवर बसला. आबांनी डिस्क डब्यात सरकवली, पांढरा प्लग हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. ‘‘लालच्या शेजारी लाल,’’ स्वतःशीच म्हणाले आणि मला दाखवलं. मी मान डोलावली. त्यांनी प्लग बसवला, जोर न लावता. मग म्हणाले, ‘‘तू दाब.’’

दाबू नये, असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. मी दाबलं.

आधी काहीच नाही. मग खालून एक उसासा आला, चकती फिरायला लागल्याचा, आणि त्याच्यामागून ती ओळखीची कुरकुर, तांदूळ निवडल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे मला अजूनही वेगवेगळं काढून सांगता येत नाही. आबा हात जोडून उभे होते, देवाला की डब्याला कोण जाणे. मग ते हात धुवायला गेले.

तेवढी दोन मिनिटं मी एकटी होते. यादी उघडली. खाली खाली गेले. शिपायाचं नाव, छ. आणखी खाली माझं नाव, छ. कर्सर त्या अक्षरापाशी लुकलुकत होता. एक कळ दाबून पुसायचं, दुसरी दाबून लिहायचं, कुणालाही कधी कळलं नसतं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले, आणि आबा टॉवेलने हात पुसत येऊन माझ्या मागे उभे राहिले.

‘‘दाखव न, एवढं काय होतं त्यात,’’ ते म्हणाले.

मी खुर्ची बाजूला घेतली. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. मोठ्याने, हजेरीच्या आवाजात, एकेक नाव आणि त्यापुढचं अक्षर. म. म. छ. म. मधेच एखाद्या ओळखीच्या नावाला ‘हां’ म्हणत. मी खिडकीकडे बघत होते. माझं नाव आलं. त्यांनी ते त्याच आवाजात वाचलं, त्यापुढचं अक्षरही त्याच आवाजात वाचलं, आणि पुढच्या नावाकडे गेले. पान संपेपर्यंत थांबले नाहीत.

मग म्हणाले, ‘‘दोन फ्लॉप्यांवर घे. एकीचा भरवसा नाही.’’

‘‘आबा, तुम्ही वाचलंत न?’’

‘‘वाचलं. पण मालूम तर मला पहिल्यापासून होतं. श्राद्धाच्या दिवशी वड्यांत मेथी किती घालायची ते बघायला तुझ्या आईची वही काढली. त्याच पानात होता तो गुलाबी कागद.’’

म्हणजे नवमीच्या पूजेआधी. इतक्या दिवसांच्या सायकलीआधी. मी विचारलं, ‘‘मग दुरुस्त कशाला केलीत?’’

घासलेला पेचकस ते बोटांत फिरवत होते.

‘‘त्या दिवशी धूर निघाला न,’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. मी मुद्दाम नव्हतं केलं, बेटा, पण बरं वाटलं. म्हणून दुरुस्त करणं भाग होतं.’’

मी त्यांचा हात धरला. तो आता कापत होता. मलाही बरं वाटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली, जसं काही तेही त्यांना मालूम होतं. मग मी दोन फ्लॉप्यांवर यादी घेतली, उघडून तपासली, आणि त्यांनी मशीन बंद केलं. कुरकुर थांबली. सहा स्क्रू पुन्हा निघाले, गुरुजींचा बोर्ड गुरुजींच्या डिस्कवर गेला, रेशमी तुकडा नीट गुंडाळला गेला. आमची डिस्क उघडीच राहिली, फडक्यावर.

आबा सायकल काढून दारात उभे राहिले. ऊन किल्ल्यामागे गेलं होतं, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. ‘‘तुझे आजोबा तर राहिले,’’ पायडलवर पाय ठेवत ते म्हणाले. आणि निघाले. वेळेत पोचायचं होतं.

दिवाळीनंतर तीन महिन्यांनी मी रायपूरला गेले. शिपाई माझ्याच गाडीत होता, त्याच्या गावाचं स्टेशन आधी आलं. पहिल्या आठवड्यात आबांचं कार्ड आलं. तू कुठे उतरलीस, खोली कशी आहे, तळं किती लांब आहे, हे सगळं त्यांनी विचारलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की कुणी विचारलं तर सांगायला मला हे मालूम हवं.